जाधव सिस्टरची मोपेड मी तीनदा उघडली

पायडलवाली जुनी मोपेड ढकलत कुणी माझ्या गॅरेजकडे येताना दिसलं की मी पाना खाली ठेवून समोरच्या टपरीवर चहाला निघून जायचो. खोटं कशाला सांगू? गिऱ्हाईक दहा मिनिटं वाट बघायचं, कंटाळायचं आणि पुढच्या गॅरेजला जायचं. मग मी परत येऊन माझं काम सुरू करायचो.

चौक गावाहून कर्जतकडे येताना रस्त्याच्या डाव्या हाताला माझं गॅरेज आहे. मोहोपाड्याच्या कारखान्यांत पाळीला जाणारे लोक, दूधवाले, फार्महाऊसचे रखवालदार ही माझी गिऱ्हाइकं. आता डावा गुडघा वाकत नाही, त्यामुळे दुपारी जेवायला शटर ओढलं की ते पुन्हा उघडत नाही. या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "मिस्त्री, तुम्ही केलेली अवघड कामं लिहा." अवघड कामं पुष्कळ केली. दरीत पडलेल्या बुलेटी उभ्या केल्या, पुराच्या पाण्यात दोन दिवस बुडालेली स्कूटर चालू करून दिली. पण या धंद्यात ज्या एका इंजिनाने मला सगळ्यात जास्त छळलं ते होतं पन्नास सीसीचं, दोन्ही तळहातांत मावेल एवढं.

गेल्या वर्षी होळी होऊन आठवडा झाला असेल. एक टेंपो दारात थांबला, मागे आडवी टाकलेली मोपेड आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाधव सिस्टर. टेंपोने आल्यामुळे मला पळायला वेळ मिळाला नाही.

जाधव सिस्टर म्हणजे आमच्या भागातल्या आरोग्य उपकेंद्राच्या जुन्या नर्स. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये लसी टोचत आणि बाळंतपणं करत काढली. उंची जेमतेम पावणेपाच फूट, आवाज मात्र हायवेच्या पलीकडे ऐकू जाईल असा. निवृत्त होऊन चारेक वर्षं झाली होती, पण खांद्याची कापडी पिशवी सुटली नव्हती.

"जयभीम, मिस्त्री. गाडी चढावर चढत नाय. इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागच्या जागी. धूर पण लय काढते."

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. सीटला चिकटपट्टी, हेडलाइटच्या जागी नुसतं भोक, एका पायडलला लाकडाचा ठोकळा.

"सिस्टर, ही भंगारात द्या. हिचे पार्ट बंद होऊन जमाना झाला. इलेक्ट्रिक घ्या, पोरी चालवतात."

"भाच्याची इलेक्ट्रिक चालवून बघितली. पाय जमिनीला पोचत नायत. गाडीसकट गटारात गेले. ही हलकी हाय, माझे पाय पोचतात, आणि पेट्रोल संपलं तर पायडल मारत जाता येतं."

"पार्ट मिळत नाहीत हो."

"मिळवा."

"महिना लागेल."

"लागू द्या." असं म्हणून त्या माझ्या स्टुलावर बसल्या. दोन तास बसल्या. मी दुसऱ्याच्या गाडीची चेन बदलली, ब्रेक लावले, पंक्चर काढलं. त्या बसूनच. माझं एकच स्टूल. शेवटी मी म्हणालो, "बरं, ठेवा." तेव्हा उठल्या.

ज्यांनी मोपेडचा क्लच कधी उघडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक लोखंडी वाटी असते, तिला ड्रम म्हणतात. ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन तुकडे, ते शू. शूंना बाहेरून खरखरीत लायनिंग चिकटवलेलं असतं. इंजिन हळू फिरत असेल तर बारीक स्प्रिंगा शूंना आत ओढून धरतात आणि चाकाला काही कळत नाही. मूठ पिळली, इंजिन जोरात फिरलं की शू बाहेर फेकले जातात, ड्रमला घट्ट चिकटतात, ड्रम फिरतो आणि त्याच्याबरोबर चाक. हाताने दाबायचा क्लच नाही, गिअर नाही. आता सिस्टरच्या गाडीचं लायनिंग झिजून पार गुळगुळीत झालं होतं आणि ड्रमला आतून नखभर खोल चरे पडले होते. शू कितीही फेकले गेले तरी धरणार कशाला?

आणि इंजिनाचं काय सांगावं. हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं तर आत तव्याच्या बुडासारखा कार्बन. पिस्टनच्या रिंगा जागेवरच चिकटून बसलेल्या, सिलिंडर अंडाकृती झिजलेला. क्रँकचं, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग हातात धरून फिरवलं तर खुळखुळ्यासारखं वाजलं. मी तिथेच कपाळाला हात लावला. हाताला ग्रीस होतं, ते कपाळाला लागलं.

मोठा पिस्टन मुंबईच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणला. तीन फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा दुकानदाराने दुसऱ्याच गाडीचा दिला, दुसऱ्यांदा दुकान बंद. खोपोलीच्या लेथवाल्याकडे सिलिंडर बोअर करायला, म्हणजे आतून गोल कोरून मोठा करायला, दिला तर त्याने "उद्या या" असं सहा वेळा सांगितलं. शूंना नवीन लायनिंग चिकटवून घेतलं, क्रँकला नवीन बेअरिंग घातलं. ड्रम मात्र काही केल्या मिळेना.

मग मला आठवलं, अशीच एक मोपेड मी स्वतःच रंगवली होती. कर्जतजवळ मुंबईच्या एका साहेबांचा बंगला आहे, त्यांच्या दिवाणखान्यात ती भिंतीवर टांगलेली आहे. जन्मात पुन्हा रस्ता बघणार नाही अशी गाडी. मी रविवार बघून गेलो.

"साहेब, हिच्यातला क्लचचा ड्रम द्या. बदल्यात जुना बसवून देतो, बाहेरून कळणार पण नाही."

"मिस्त्री, ही ओरिजिनल आहे. ओरिजिनलमधलं काही काढायचं नसतं."

"पण साहेब, ही भिंतीवर आहे. भिंतीला क्लच कशाला लागतो?"

त्यांनी मला तासभर जुन्या वस्तूंचं महत्त्व समजावून सांगितलं. मी तासभर मान हलवली. शेवटी हो म्हणाले, पण अट घातली की जो ड्रम बसवाल तो पॉलिश करून बसवा. मग मी तो चरे पडलेला ड्रम, जो आता पत्र्याच्या झाकणाआड कुणालाच कधी दिसणार नाही, तो आरशासारखा चकचकीत करून त्यांच्या भिंतीवर बसवून आलो. एवढा वैताग मला लग्नाच्या वरातीतही आला नव्हता.

या सगळ्यात सिस्टरचा रोज फोन. सकाळी आठला, बरोबर आठला. "मिस्त्री, झाली का?" मी 'नाही' म्हणायचो, त्या 'बरं' म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. भांडल्या असत्या तर मलाही भांडता आलं असतं.

शेवटी जोडणीला बसलो. क्रँकच्या दोन टोकांना दोन रबरी सील असतात, मोठ्या नाण्याएवढी रबराची कडी. एका बाजूचं नवीन मिळालं होतं. मॅग्नेटच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या चकतीच्या, बाजूचं पाकिटात चुकीच्या मापाचं निघालं. जुनं काढून बोटाने दाबून पाहिलं, मऊ लागलं. तेवढ्यात आठ वाजले आणि फोन वाजला. "मिस्त्री, झाली का?" मी म्हणालो, "उद्या न्या." आणि जुनंच सील पुसून परत बसवलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर गाडी घ्यायला आल्या. पायडल मारलं, गाडी टर्र करून चालू झाली. नवीन लायनिंगने क्लच असा पकडला की त्या सीटवरून मागे सरकल्या. खूश झाल्या. मी त्यांना नीट समजावलं, "हिला ऑइल वेगळं टाकायला जागा नाही. पेट्रोलमध्येच मिसळायचं. एक लिटरला चाळीस मिली. कमी पडलं तर पिस्टन कोरडा पडून चिकटेल, आणि मग माझ्याकडे यायचं नाही. सुरुवातीला हळू चालवा."

"चाळीस मिली," त्या म्हणाल्या. "वीसच्या दोन सिरिंज." मला वाटलं, थट्टा करतायत.

पाचव्या दिवशी फोन आला. आठला नाही, साडेअकराला. गाडी वाडीच्या उतारावर बंद पडली होती. कुणाच्या तरी टेंपोत घालून आणली. मी हेड उघडलं तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसलेला, त्याच्या अंगावर लांब ओरखडे. कोरडा पडल्याची सगळी लक्षणं. महिनाभराचं काम पाच दिवसांत वाया.

माझं डोकं फिरलं. दारात चारपाच लोक होते, पाळी सुटून आलेले दोघे, टपरीवाला, एक दूधवाला. त्या सगळ्यांसमोर मी बोललो.

"सिस्टर, ऑइल टाकलं नाहीत ना?"

"टाकलं की. मोजून."

"मोजून टाकलं असतं तर हे असं झालं असतं? तुम्हाला वाटलं असेल, एवढंसं ऑइल, नाही टाकलं तर काय होतंय. मग मी मरमर करायची कशाला?"

"मिस्त्री, माझं ऐका. उतारावर मूठ सोडली तरी इंजिन गप्प बसत नव्हतं. ओरडतच राहायचं. मंग एकदम घुसमटलं आणि बंद."

"मूठ नीट सोडायची मग. तुम्ही इंजेक्शनं द्या, इंजिनाचं मला कळतं."

दूधवाला हसला. सिस्टरनी पिशवी उचलली आणि चालत गेल्या.

मी सिलिंडर घासून साफ केला, पिस्टन पॉलिश पेपरने गुळगुळीत केला, नवीन रिंगा घातल्या, चार दिवसांत गाडी दिली. या वेळी माझ्या हाताने टाकीत पेट्रोल आणि ऑइल भरलं, आणि त्यांच्या देखत. "आता हे संपेपर्यंत तरी माझ्याकडे येऊ नका," असंही म्हणालो. टाकी संपली. त्यानंतर त्यांनी स्वतः भरलं, आणि दोनच दिवसांनी गाडी परत जाम. बघा, मी मनात म्हणालो. माझं ऑइल होतं तोवर चालली, यांचं आलं आणि बसली. आता तर मला पुरावाच मिळाला होता.

सिस्टरनी पिशवीतून एक वही काढली. लाल जिल्दीची, सरकारी. मागच्या उरलेल्या पानांवर प्रत्येक वेळी किती पेट्रोल घेतलं, किती मिली ऑइल घातलं, सगळं आखून लिहिलेलं. लसीची नोंद ठेवावी तशी. आणि दोन सिरिंजा, ऑइलने पिवळ्या पडलेल्या.

"जन्मभर अर्धा अर्धा मिली मोजून पोरांना टोचला, मिस्त्री. चाळीस मिली मला मोजता येत नाय व्हय?"

मी वही न बघताच म्हणालो, "लिहायला काय लागतं?"

हे वाक्य मी बोललो. छापून येणार आहे हे माहीत असूनही लिहितोय.

या वेळी पिस्टन पार खलास झाला होता. नवीन मागवायला मुंबईला फोन केला. दुकानदार म्हणाला, आठवडा लागेल. मला त्याची घाई नव्हती. गाडी कोपऱ्यात ढकलली, वर पोतं टाकलं. सकाळी आठचा फोनही बंद झाला होता. मला बरंच वाटलं.

आठ-नऊ दिवस झाले असतील. एका सकाळी मी चौकातून बेअरिंग घेऊन परत येत होतो. मे महिन्याचं ऊन, दहा वाजताच डांबर मऊ झालेलं. समोर रस्त्याच्या कडेने सिस्टर चालत होत्या. डोक्यावर पदर, हातात छत्री, खांद्याला पिशवी. वाडीकडे जाणारा फाटा अजून पुढे होता, आणि फाट्यापासून वाडी तीन किलोमीटर, शेवटचा दीड किलोमीटर सगळा चढ.

मी गाडी थांबवली. "कुठे निघालात?"

"चांगुणाच्या पायाला."

"कोण चांगुणा?"

"बसू द्या मागं, मंग सांगते."

चांगुणाबाई ही त्या ठाकरवाडीतली जुनी सुईण. सिस्टर नोकरीला नवीन लागल्या तेव्हा वाडीतली एकही बाई त्यांना घरात घेत नव्हती. चांगुणाबाईंनी हाताला धरून घरोघरी नेलं, "ही आपली हाय" म्हणून सांगितलं. पुढे दोघींनी मिळून त्या डोंगरातली निम्मी पोरं जन्माला घातली. आता चांगुणाबाईंना साखरेचा आजार. पायाला ठेच लागून जखम झाली ती भरेना. दवाखान्यात जायला तयार नव्हत्या. उपकेंद्रातल्या नव्या मुलीकडे एवढ्या वाड्या की तिला आठवड्यातून एकदाच यायला जमायचं. जखम मात्र दिवसाआड धुवून बांधायला हवी होती. ते काम सिस्टर करत होत्या.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमी कुठं विचारलं?"

चढ संपता संपता पहिलं घर. कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, वरती आंब्याची सावली. चांगुणाबाई ओटीवर बसल्या होत्या, पाय चिंध्यांवर ठेवून. वाळक्या काटकीसारखी म्हातारी, डोळे मात्र टक्क. माझ्याकडे बघून सिस्टरना म्हणाल्या, "ह्यो कोन गं? ह्योच का त्यो, गाडी मोडनारा?"

"हाच," सिस्टर म्हणाल्या.

"आदी तिचा भाचा आनायचा गाडीवर," चांगुणाबाई मला सांगायला लागल्या. "त्याला कंपनीत लागली नोकरी. मंग गाडी नीट झाली, आली बिचारी धा-बारा दिस. मंग पुन्ना बंद. चालत येते. एवढ्या उनाचं कोन येतं रं? म्या सांगते नको येऊ, तर मलाच शिव्या देते."

सिस्टरनी पट्टी सोडली. मला इंजिनाची घाण बघायची सवय आहे, पण मी तोंड फिरवलं. पायाचं एक बोट काळं पडलं होतं. वास येत होता. सिस्टरनी ते बोट दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं.

"दोन खेपा चुकल्या माझ्या," त्या हळूच म्हणाल्या. "मला चार दिवस ताप होता उन्हाचा. परवा पण आले नाय." मग एकदम उठून उभ्या राहिल्या. "चांगुणा, आज जायचं. आता नाय म्हणायचं नाय."

"म्या नाय जानार."

"तू नाय गेलीस तर पाय जाईल. मला तुझ्यासंगं भांडायला ताकद नाय आता."

मी खाली जाऊन टेंपो आणला. वाडीतल्या दोघांनी चांगुणाबाईंना खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. मी माझ्या गाडीवर मागोमाग. वाटभर त्या सिस्टरच्या नावाने ओरडत होत्या, आणि सिस्टरचा हात सोडत नव्हत्या. दवाखान्यात दाखल करून, डॉक्टरांशी बोलून, सिस्टर दुपारी बाहेर आल्या. मी त्यांना घरी सोडायला निघालो.

एका लांब उतारावर मी मूठ सोडली. इंजिन शांत झालं, गाडी आपल्या वजनाने खाली चालली. मागून सिस्टर बोलल्या, भांडायला नाही, नुसतं सांगावं तसं.

"तुमची गाडी बघा, मूठ सोडली की लगेच गप्प होते. माझी होत नव्हती. तेच मी सांगत होते."

मी ब्रेक लावला. रस्त्याच्या मध्ये, भर दुपारी.

"काय झालं?" त्या म्हणाल्या.

"काही नाही." मी परत गाडी चालू केली. पण मला सगळं कळलं होतं. गाडी पहिल्यांदा जाम झाली त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं होतं ते ज्या मेकॅनिकला समजत नाही त्याने पाना हातात धरू नये. मूठ सोडल्यावरही इंजिन ओरडत राहतं याचा अर्थ एकच, आत कुठूनतरी चोरून हवा येते. हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि ऑइल पेट्रोलबरोबरच येत असल्याने तेही कमी. तुम्ही टाकीत चाळीस मिली टाका की चारशे, पिस्टनपर्यंत ते पोचणारच नाही. आणि हवा येते कुठून, तर सीलमधून. माझ्या हाताने भरलेली टाकी टिकली ती निव्वळ नशिबाने. नाहीतर तेव्हाच माझं तोंड बंद झालं असतं.

त्या दिवशी पहिल्यांदाच जेवणानंतर शटर उघडलं. पोतं काढलं. ओरखडे पडलेला जुना पिस्टन तात्पुरता तसाच खाली बसवला, सायलेन्सरचं आणि कार्ब्युरेटरचं तोंड रबर लावून बंद केलं, प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने थोडीशी हवा भरली आणि मॅग्नेटच्या मागे साबणाचं पाणी ओतलं. बुडबुडे आले. पोरं साबणाचे फुगे फुंकतात तसे, भराभर. ते सील, जे मी बोटाने दाबून मऊ आहे म्हणालो होतो, ते आतल्या कडेला चिरलेलं होतं. केसाएवढी चीर.

आणि सगळ्यात जास्त संताप कशाचा आला सांगू? सील हा काही त्या गाडीचा खास पार्ट नव्हे. आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी सांगितली की बेअरिंगच्या दुकानात मिळतं. त्या सकाळी मी ज्या दुकानातून बेअरिंग घेऊन येत होतो, त्याच दुकानात काउंटरच्या मागे असली सीलं माळेसारखी टांगलेली असतात. मुंबईच्या तीन फेऱ्या मारणाऱ्या, भिंतीवरच्या गाडीतून ड्रम काढून आणणाऱ्या माणसाला हे सुचलं नाही. कारण जुनं सील गेलं असेल असं मी कधी धरलंच नव्हतं. चूक सिस्टरची आहे हे आधीच ठरवून टाकलं होतं.

पुढच्या दोन दिवसांत मुंबईहून पिस्टन आला, सील मी चौकातून आणलं, दोन्ही बाजूंचं. इंजिन तिसऱ्यांदा जोडलं. साबणाचं पाणी परत ओतून बघितलं, एक बुडबुडा नाही. शूंच्या स्प्रिंगा काढून पुन्हा ताणून बघितल्या. मग सिस्टरना फोन केला. "गाडी झालीय. आणि मला थोडं बोलायचंय."

त्या आल्या. चांगुणाबाईंचं बोट काढावं लागलं होतं, एक. पाय वाचला होता. ते मला टेंपोवाल्याकडून आधीच कळलं होतं.

मी त्यांना बाजूला, गॅरेजच्या आत नेऊन म्हणालो, "सिस्टर, चूक माझी होती. सील जुनं ठेवलं मी. तुमचं ऑइल बरोबर होतं. वही पण बरोबर होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाहेर बघितलं. बाहेर नेहमीचे लोक उभे होते. टपरीवाला, दूधवाला, पाळीवरचे दोघे.

"मला बोललात ते कुठं बोललात?" त्यांनी विचारलं.

"बाहेर."

"मंग हे पण बाहेर सांगा."

मला वाटलं होतं, त्या 'राहू द्या' म्हणतील. बायका साधारण म्हणतात. या तसं म्हणाल्या नाहीत. मी बाहेर आलो. दूधवाल्याला म्हणालो, "अरे, त्या दिवशी मी सिस्टरना बोललो ना, ऑइलवरून, तू हसलास. तर ती चूक माझी होती. माझ्या हाताची. त्यांनी मोजून बरोबर टाकलं होतं."

दूधवाला म्हणाला, "बरं." त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. पाळीवरच्या एकाने विचारलं, "मग माझी गेल्या वर्षी जाम झाली होती ती?" टपरीवाला मोठ्याने हसला. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी गाडीवर बसून पायडल मारलं, गाडी चालू केली, मूठ पिळली आणि सोडली. इंजिन गप्प झालं, नुसतं टुकटुक करत राहिलं. पुन्हा पिळली, पुन्हा सोडली. चारपाच वेळा. मग मान हलवली आणि निघून गेल्या.

त्या महिन्याच्या शेवटी मी वाडीवर गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. मोपेड आंब्याखाली उभी होती, पायडलचा लाकडी ठोकळा तसाच. चांगुणाबाई ओटीवर, सिस्टर त्यांच्या समोर खाली बसून पट्टी सोडत होत्या. जखम लाल होती, स्वच्छ. बोटाच्या जागी गुळगुळीत कातडी धरायला लागली होती.

मी जवळ बसलो. जे विचारायला आलो होतो ते विचारलं.

"सिस्टर, गाडी चालू असती, तुम्ही वेळेवर आला असता, तर बोट वाचलं असतं का?"

त्यांनी वर बघितलं नाही. कापसाने जखमेची कड पुसत राहिल्या. त्या 'नाही' म्हणाल्या असत्या तर मी सुटलो असतो. एवढीच माझी इच्छा होती, हे आता कबूल करतो.

"वाचलं पण असतं," त्या म्हणाल्या. "नसतं पण वाचलं. साखर लय होती हिची. मला खरंच सांगता यायचं नाय, मिस्त्री." मग पट्टीचं टोक दातात धरून त्यांनी माझा हात ओढला. "हितं टाचेखाली धरा. उचलून धरा जरा. घट्ट नको."

मी दोन्ही हातांनी टाच धरली. पाय हलका होता, एखाद्या पोराच्या पायासारखा. सिस्टर पट्टी गुंडाळायला लागल्या, एक वेढा, दुसरा वेढा. माझा गुडघा दुखत होता, मी जरा सरकून बसायला गेलो.

"ए मिस्त्री," चांगुणाबाई वरून ओरडल्या, "हलवू नको रं! नीट धर!"

मी नीट धरला.